झिपरूअण्णानं झाड सांभाळलं

एका जंगलात फार झाडं होती, म्हणून तिथल्या प्राण्यांनी घरात झाडं ठेवायला सुरुवात केली.

हसू नका, मुलांनो. टक्कल पडलेल्या मुलांनीही हसू नये. तुमच्या टीव्हीशेजारी काय ठेवलंय आणि त्याची काय दशा आहे, ते मला माहीत आहे.

तर ह्या जंगलात ज्याच्या त्याच्या गुहेत एक तरी कुंडी होती. बाहेर वीस पुरुष उंचीची झाडं उभी होती. त्यांना कधी कुणी तांब्याभर पाणी घातलं नव्हतं. ती मजेत वाढत होती. आत कुंडीतलं हातभर झाड जगवताना मात्र घरोघर सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालेलं असायचं.

त्या जंगलात एक अस्वल राहत होतं. नाव झिपरूअण्णा. अंगानं दांडगा, मनानं हळवा, आणि कुणीही काहीही सांगितलं की लगेच करून मोकळा. हे अस्वल म्हणजे मी नव्हे. आधीच सांगून ठेवतो. मागच्या खेपेला गोष्ट संपल्यावर आमच्या हिनं चारचौघांत मोठ्यांदा विचारलं होतं.

अण्णाच्या शेजारी सगुणाकाकू राहायच्या. त्या साळू होत्या. अंगावर काटे, पण बोलणं मऊ. मागच्या वर्षी त्यांचे यजमान गेले. जायच्या आधी दोन महिने त्यांनी रबराच्या झाडाची एक फांदी आणून कुंडीत खोचली होती. फांदी जगली. जाड, काळपट हिरवी, चकचकीत पानं तिला फुटली. काकू रोज सकाळी त्या झाडाजवळ बसून चहा प्यायच्या. दोघांचा चहा टाकायची सवय काही जात नव्हती, म्हणून दोन कप प्यायच्या.

एके दिवशी काकूंचं लेकीच्या बाळंतपणाला जायचं ठरलं. त्या कुंडी घेऊन अण्णाच्या दारात आल्या.

"झिपरू, एवढं माझं एक काम कर. अडीच महिने हे झाड तुझ्याकडे असू दे."

"काकू, तुम्ही निर्धास्त जा. जिवापाड जपेन."

"तेच नको रे बाबा," काकू म्हणाल्या. "जिवापाड नको. मातीत बोट खुपसून बघायचं. दोन पेरं कोरडी लागली तर पाणी घालायचं. ओलं लागलं तर राहू दे. उजेडात ठेव, उन्हात नको. पानांवर धूळ बसली तर ओल्या फडक्यानं पूस. बाकी काही करू नको."

अण्णानं वही काढून सगळं लिहून घेतलं. 'बाकी काही करू नको' एवढं लिहिलं नाही. ते काही काम आहे असं त्याला वाटलं नाही.

काकूंनी झाडाकडे एकदा पाहिलं. "ह्यांच्या हातचं एवढंच राहिलंय बघ," म्हणाल्या आणि पिशवी उचलून निघाल्या.

अण्णानं लगेच पानं मोजली. अकरा होती. वहीत लिहिलं.

पहिले आठ दिवस झकास गेले. नवव्या दिवशी सकाळी बघतो तर सगळ्यात खालचं पान पिवळं!

हे सदाहरित झाड आहे, एवढं त्याला ठाऊक होतं. सदाहरित झाडात पिवळं कसं येईल? तो कुंडीभोवती तीन फेऱ्या मारून आला. पान गळून पडलं. दहा राहिली. झाडाला त्याचं काही वाटलेलं दिसत नव्हतं, पण अण्णाला धीर धरवेना. काकू आल्यावर तोंड कसं दाखवायचं? मग त्यानं आयुष्यातली सर्वांत मोठी चूक केली. त्यानं टिटवीला सांगितलं.

टिटवीताई म्हणजे त्या जंगलाचा भोंगा. तिनं एक घिरटी घातली आणि ग्रुपवरही टाकलं. हो, ग्रुप होता. जंगल झालं म्हणून काय झालं? 'आपली हिरवाई' असं त्याचं नाव होतं आणि त्यात सकाळी गुलाबाची फुलं यायची. त्या फुलांखाली टिटवीनं लिहिलं, 'सगुणाकाकूंचं झाड सीरियस आहे. कृपया लक्ष द्यावे.'

आता इथं जंगलातली एक पद्धत सांगायला हवी. कुणी आजारी पडलं की सगळ्यांनी समाचाराला जायचं. जाताना रिकाम्या हातानं जायचं नाही. शहाळं न्यायचं, मोसंबी न्यायची. आणि नेलेलं शहाळं आजाऱ्याला आपल्यासमोर पाजल्याशिवाय उठायचं नाही. न पाजता उठलं तर लोक नावं ठेवायचे.

दुपारपर्यंत अण्णाच्या गुहेत पाय ठेवायला जागा उरली नाही. एकेक जण यायचा, कुंडीजवळ बसायचा, मान हलवायचा.

"फार उतरलंय हो."

"काल-परवापर्यंत चांगलं होतं म्हणे."

"घे रे बाळा, दोन घोट घे," असं म्हणत शहाळं कुंडीत रिकामं व्हायचं. मग पुढचा. मग त्याच्या पुढचा. कुंडीखालची ताटली भरून वाहायला लागली. अण्णानं एकदा मातीत बोट खुपसून बघितलं. बोट कोपरापर्यंत गेलं.

"ओलं लागतंय," तो भीत भीत म्हणाला.

"मग? आजाऱ्याला पाणी द्यायचं नाही?" टिटवी म्हणाली. "लोक काय म्हणतील?"

अण्णानं बोट पुसलं. लोक काय म्हणतील ह्याला त्याच्याकडे कधीच उत्तर नव्हतं. मीही शोधतोय.

त्या गर्दीत दगडू नावाचा एक गवा होता. हा आला तो रिकाम्या हातानं. कोपऱ्यात बसला. तासभर बसला. काही बोलला नाही, काही ओतलं नाही. उठला आणि गेला. रोज तसाच यायचा.

"ह्याला काही रीतभात आहे का!" टिटवी म्हणाली. "नुसता बसून जातो मेला."

पंधरा दिवसांत तीन पानं पिवळी पडून गळाली. सात राहिली. तेव्हा वानर गुरुजींना बोलावण्यात आलं. गुरुजी निवृत्त होते, त्यामुळे त्यांना सगळ्या विषयांतलं कळत होतं. त्यांनी पान उलटंपालटं करून पाहिलं. चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला.

"अशक्तपणा," गुरुजी म्हणाले. "कोवळं ऊन मिळत नाही. लहान मुलासारखं तेल चोळायचं आणि उन्हात ठेवायचं. लिहून घे."

"गुरुजी, काकूंनी उन्हात नको म्हणून सांगितलंय."

"सगुणाबाईंचं शिक्षण किती?"

झालं. अण्णानं सातही पानांना खोबरेल चोळलं. पोटावर आणि पाठीवर, दोन्हीकडून. पानं अशी चमकायला लागली की अण्णाला त्यात आपलं तोंड दिसलं. मोठ्या कौतुकानं त्यानं कुंडी बाहेरच्या कातळावर नेली आणि शेजारी बसून डुलकी काढली. गुरुजींनी कोवळं ऊन म्हटलं होतं, पण अण्णा उठेपर्यंत ते पुष्कळ मोठं झालं होतं. दोन पानं तळणीतून काढल्यासारखी तांबूस झाली होती. संध्याकाळपर्यंत ती गेली. पाच राहिली. तेलावर धूळ बसली ती वेगळीच. ओल्या फडक्यानं पुसली तर तिचा चिखल व्हायला लागला.

तुम्ही म्हणाल, आता तरी हा शहाणा झाला असेल. मुलांनो, तुम्ही अजून लहान आहात.

एके दिवशी पानांच्या बेचक्यांत पांढरं पांढरं, कापसासारखं काहीतरी दिसलं. अण्णाला आनंदाचं भरतं आलं. "कळ्या!" तो ओरडला. त्यानं सगळ्यांना बोलावून साखर वाटली. ग्रुपवर अभिनंदनाचा वर्षाव झाला. गुरुजींनी 'तेलाचा परिणाम' असं लिहिलं.

दगडू गव्यानं पुढं होऊन त्या कळीला नाक लावलं. कळी चालायला लागली.

"कीड आहे," दगडू म्हणाला. महिन्याभरात तो पहिल्यांदाच काही बोलला होता, तेही लोकांना आवडलं नाही.

"दृष्ट लागली!" टिटवी म्हणाली. "अशी चारचौघांत साखर वाटतात का?" तिनं तिथल्या तिथं मीठ-मोहऱ्या आणि मिरच्या घेऊन झाडावरून तीनदा उतरवल्या. उतरवलेलं चुलीत टाकायचं असतं. अण्णाच्या गुहेत चूल नव्हती. तिनं इकडंतिकडं बघितलं आणि मूठ कुंडीत झाडली. आता मीठ मातीत गेलं की झाडाचं काय होतं, ते तुम्हाला शाळेत शिकवतात. टिटवी शाळेत गेली नव्हती. गुरुजी गेले होते, पण ते तेव्हा ग्रुपवर टाइप करत होते.

तीन पानं राहिली.

काकूंचा दर आठवड्याला फोन यायचा.

"झिपरू, बरं आहे ना रे सगळं?"

"एकदम टवटवीत, काकू."

"नातू झाला बरं का मला. त्याला आजोबांचं झाड दाखवायचंय. एक फोटो पाठव की."

तीन पानांचा, कीड लागलेला, तेलकट खुंट कसा दाखवायचा? त्याच्या गुहेबाहेरच रबराचं एक रानटी झाड होतं, आभाळाला टेकलेलं. अण्णानं कुंडी त्याच्या एका लोंबत्या फांदीखाली नेऊन ठेवली, खुंट तिच्या पानांमागं लपवला, आणि फोटो काढला. फोटोतली कुंडी खरी होती.

लगेच फोन आला. "अगं बाई! काय पानं झालीत रे! आज हे असते तर..." काकू म्हणाल्या. "तुझे उपकार कसे फेडू रे झिपरू?"

फोन ठेवल्यावर अण्णा कुंडीसमोर बसून ढसाढसा रडला. त्याला स्वतःची लाज वाटली. इतकी लाज त्याला कधी वाटली नव्हती. त्या दिवशी तो जेवला नाही. म्हणजे फळं खाल्ली.

फळांचं सांगायचं राहिलंच. समाचाराला आलेली मोसंबी, डाळिंबं, केळी झाड काही खात नव्हतं. परत पाठवणं बरं दिसत नव्हतं. कुणीतरी जबाबदारी घ्यायला हवी होती. अण्णानं ती सव्वा महिना एकट्यानं पार पाडली. शेवटी व्हायचं तेच झालं. पोट बिघडलं, वर सणसणून ताप भरला. एका सकाळी पाणी प्यायला उठला, तोल गेला, आणि अख्खं अस्वल कुंडीवर कोसळलं.

कुंडीचे तुकडे झाले. चिखल गुहाभर पसरला.

पहिल्यांदा दगडू गवा आला. त्यानं अण्णाला ओढून अंथरुणावर घातलं. मग चिखलात आडव्या पडलेल्या झाडाकडे पाहिलं. मुळं काळी पडून लिबलिबीत झाली होती. त्यानं उचलल्यावर त्यातली अर्धी आपोआप गळून पडली. दाराशी बादलीत पाणी होतं, त्यात त्यानं झाड दोनदा खळबळून काढलं. दुसरी रिकामी कुंडी हाताशी नव्हती, म्हणून एका फुटक्या टोपलीत कोरडा पालापाचोळा आणि रेताड माती भरून त्यात ते उभं केलं आणि दाराबाहेर बांबूंच्या सावलीत ठेवून दिलं.

"पायात येत होतं," नंतर कुणी विचारलं तेव्हा तो म्हणाला.

टिटवीनं घिरटी घातली. 'झिपरूअण्णा सीरियस आहेत.'

सगळं जंगल अण्णाकडे वळलं. पद्धतच होती. शहाळी आली. प्रत्येकानं आपल्यासमोर पाजलं. अण्णाच्या पोटाला तडस लागली तरी पुढचा शहाळं फोडतच होता. गुरुजी आले. "अशक्तपणा," म्हणाले. अण्णाला खोबरेल चोळण्यात आलं, पोटावर आणि पाठीवर, दोन्हीकडून, आणि चौघांनी उचलून कातळावर ठेवण्यात आलं. ऊन मोठं झालं तरी कुणाच्या लक्षात आलं नाही. टिटवीनं मीठ-मोहऱ्या उतरवल्या. चूल नव्हतीच. काही मोहऱ्या अण्णाच्या कानात गेल्या.

अण्णाला ओरडायचं होतं, पण तोंडातून शब्द फुटत नव्हता. कातळावर पडल्या पडल्या त्याला झाडाची आठवण आली. त्याला वाटलं, आपण त्याला एकदा तरी विचारायला हवं होतं.

दगडू रोज यायचा. कोपऱ्यात बसायचा. तो बसलेला असला की अण्णाला झोप लागायची.

तीन आठवडे झाडाकडे कुणी ढुंकूनही बघितलं नाही. पाणी नाही, तेल नाही, समाचार नाही. अंगावरची कीडसुद्धा कोळ्यांनी आणि कोळी खाणाऱ्या पाखरांनी आपसात मिटवून टाकली. वर बांबूंतून दव ठिबकत होतं, तेवढंच.

बाविसाव्या दिवशी अण्णा भिंतीला धरून बाहेर आला. टोपली दिसली. तीन पानं तशीच होती, आणि शेंड्याला एक तांबडं टोक आलं होतं. बारीक, ताठ. अण्णानं आधी ती कीड समजून फुंकर मारली. मग नीट पाहिलं. नवं पान होतं, अजून गुंडाळलेलं. तो टोपलीशेजारी बसला. हात लावायचा मोह झाला. त्यानं दोन्ही हात पाठीमागं धरले आणि तसाच बसून राहिला.

आठ दिवसांनी काकू आल्या. चौथं पान तेव्हा उलगडून गेलं होतं.

अण्णानं सगळं कबूल केलं. शहाळी, तेल, ऊन, साखर, मीठ, खोटा फोटो, सगळं. मान वर न करता बोलला. काकूंनी टोपलीत बोट खुपसून पाहिलं.

"पाणी कधी घातलं होतंस?"

"महिना होत आला, काकू. चुकलो."

"इथंच तेवढा चुकला नाहीस," काकू म्हणाल्या. "अरे, ते पहिलं पान नुसतं म्हातारं झालं होतं. खालचं होतं, त्याची वेळ झाली, गेलं. सदाहरित झाडाची पानंसुद्धा जातात बाबा. सगळी एका दिवशी जात नाहीत, म्हणून आपल्याला कळत नाही."

मग त्यांनी फडक्यानं एक तेलकट पान पुसलं.

"हे गेले तेव्हाही तुम्ही सगळे आला होतात," त्या म्हणाल्या. "तेरा दिवस मला शहाळी पाजलीत. मला रडायचं होतं रे. पण तोंडाला सारखं शहाळं. दगडू तेवढा येऊन नुसता बसायचा. त्याच्यासमोर मला रडता आलं."

जाताना काकूंनी गुहेबाहेरच्या त्या रानटी झाडाची एक फांदी तोडली, घरातली एक रिकामी कुंडी आणून तीत खोचली आणि अण्णाच्या हातात दिली. "ही तुझी. त्या फोटोतली," म्हणाल्या, आणि हसल्या.

आता गोष्ट इथं संपली असती. पण जंगलाला कळलं की मरायला टेकलेलं झाड अण्णाच्या दारात पुन्हा फुटलं. सत्कार झाला. शाल आणि श्रीफळ मिळालं. गुरुजी अध्यक्ष होते, त्यांनी तेलाचं महत्त्व सांगितलं. टिटवीनं दृष्टीचा उल्लेख केला. दगडूला बोलवायचं राहून गेलं. तेव्हापासून अण्णा 'घरातली हिरवाई: समस्या आणि उपाय' ह्या विषयावर गावोगाव व्याख्यानं देतो. पुढचं रविवारी आहे. जरूर या. मी सहसा वेळेवर सुरू करतो.

काय? कुणी हात वर केलाय? नाही, मी अस्वल नाही. अहो, आमच्या हिला जरा खाली बसवा.

बरं, ती काकूंनी दिलेली फांदी छान जगली. सात पानं आहेत. म्हणजे काल होती. आज सकाळी त्यातलं सगळ्यात खालचं पिवळं झालं. मी आता अनुभवी आहे. मी पाणी घातलं नाही, तेल लावलं नाही, उन्हात ठेवलं नाही. काहीसुद्धा केलं नाही.

फक्त टिटवीच्या कानावर घातलं.

तात्पर्य: झाड जगावं असं वाटत असेल तर सांभाळणाऱ्यानं वेळेवर आजारी पडावं. ज्याची तब्येत ठणठणीत आणि माया उदंड आहे, त्यानं प्लास्टिकचं झाड आणावं, आणि तेही शेजाऱ्याकडे ठेवावं.